हॅस्केटची गाडी आत घ्यायची नाही!

मंडळी, आधी एक सांगा — हरणारा आणि सोडून देणारा, दोघं एकच का हो? नुसत्या माना डोलावू नका! आख्यान अमेरिकेतलं आहे. लांब पडतं — पण कीर्तनाला व्हिसा लागत नाही!

तिकडे मोटारींच्या शर्यती होतात. गोल रस्ता, शेकडो फेऱ्या. जायचं कुठे? कुठेच नाही! हसताय? आपण तरी सकाळपासून काय करतो?

तर हॅस्केट कंपनीची गाडी नऊ वर्षं धावत होती. विजय किती? शून्य! आणि अर्धवट सोडलेल्या शर्यती? त्याही शून्य! ही दुसरी नोंद जपली होती मुख्य मेकॅनिक व्हर्नाबाईंनी. वय साठ, हाताला कायम ग्रीस, आणि जीभ — विचारू नका! कंपनीला पहिल्या शून्याची लाज वाटे, बाईंना दुसऱ्याचा अभिमान.

त्या दिवशी गाडी भिंतीवर आदळली. चालक डॅरल बचावला, पण पुढचा पत्रा लोंबू लागला. नियम असा, की मोडका भाग बदलायचा नाही. कापा, चिकटवा, तेही सात मिनिटांत. बाईंनी पत्रा कापला, बॉनेट फेकलं, चिकटपट्टी गुंडाळली.

तेवढ्यात कंपनीचे साहेब धावत आले. म्हणाले, गाडी आत घ्या, शर्यत सोडा. टीव्हीवर लोक हसताहेत, कंपनीचं नाव जातंय.

बाई वाकल्या. गाडीवरची कंपनीच्या नावाची पट्टी उचकटली आणि साहेबांच्या हातात ठेवली!

"नाव तुमचं आहे, ते न्या. गाडी धावणार."

"उद्यापासून कामावर येऊ नका," साहेब म्हणाले.

"उद्या ना? आज अजून नव्वद फेऱ्या आहेत," बाई म्हणाल्या, आणि डॅरलला हातानं खूण केली — पळव गाडी!

गाडी खडखडत गेली. जिंकली का? छे हो! शेवटून पहिली, एकतीस फेऱ्या मागे. पण पोचली! आणि बाईंची नोकरी? गेली, खरंच गेली. मी गोड शेवट करायला उभा नाही! नोंद मात्र कोणाच्या बापाला खोडता आली नाही — अर्धवट, शून्य.

आता आपलं बघू. शेजारी हसला म्हणून चाळिशीत सायकल शिकणं सोडलं. भजनात सूर चुकला, लोकांनी वळून पाहिलं — गाणं सोडलं! हरलो कुठे हो आपण? आपण तर हसणाऱ्यांना विचारून घरी बसलो!

आणि ते खांबाजवळचे काका — आरती व्हायची आहे अजून. चपला कसल्या शोधताय? बसा!