खाटेपुरती जागा

चार्जरने मान टाकली म्हणून दुकानात आलेल्या नर्सबाईंच्या पुढे, रांगेत, एक म्हातारा आणि त्याचा मुलगा व्हीआर हेडसेट निवडत होते.

"हा डोळ्यांवर चढवला की आजूबाजूचं काही दिसत नाही, साहेब," विक्रेता म्हणाला. "घरात मोकळी जागा आहे ना?"

"बाबांची खाट हलवली की होईल."

"कुठे हलवतोस?"

"बाल्कनीत. मस्त वारा येतो, बाबा."

"एवढा मस्त आहे, तर तू झोप की."

"लोकांसमोर नको हं. याच्यात तुम्हाला समुद्र दाखवीन, डोंगर दाखवीन."

"माझी खोली दिसेल?"

"दिसेल ना, काका!" विक्रेत्याला चेव आला. "चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले, की अगदी आत बसल्यासारखं वाटतं."

"मग आजच काढून ठेव रे," म्हातारा मुलाला म्हणाला. "खाट आहे तोवर."