झिजलेली दांडी

मृणाली मोबाईल दुरुस्तीला देऊन दुकानातच थांबली होती. काउंटरवर बारीक स्क्रू पसरलेले, आणि कडेवरची मनू नेमका तिकडेच हात घालत होती. तिला आवरता आवरता मृणालीचे कान शेजारच्या नवराबायकोकडे लागले. लेकाच्या जुन्या व्हिडिओ गेमचे दोन रिमोट घेऊन दोघं आली होती.

“याच्यात तेल कोणी घातलं?” दुकानदाराने विचारलं.

“ह्यांनीच. खोबरेल.”

“गाडी वळवायची दांडी अडकत होती, म्हणून घातलं. बोटीवर इंजिनाला घालतो तसं.”

“इंजिनाला खोबरेल घालता होय? तरीच बोट वेळेवर येत नाही तुमची.”

“तू गप गो. दादा, गेममधली माझी गाडी सरळ धरली तरी डावीकडे पळते. रोज हरतो मी.”

“नि हरेल त्याने मासे साफ करायचे, हे ठरवलं कोणी?”

“मीच. मला काय ठाऊक, मी बोटीवर असताना तू रोज खेळत बसायचीस ते.”

“काका, दोन्ही रिमोटच्या दांड्या झिजल्यात. काकूंची तर जास्तच. पण नवी एकच आहे, दुसरी पुढच्या आठवड्यात येईल.”

“मग ती ह्यांना बसवा. माझं जुन्यावर चालतंय.”

काकांनी काकूंचा रिमोट उचलून त्याची दांडी हलवून पाहिली. मनूच्या मुठीतला स्क्रू मृणालीने काढून घेतला, पण नजर काकांवरच.

“बसवू, काका?”

“नको. दुसरी येऊ दे, दोन्ही एकदमच बसवा.”

“अहो, नि तोपर्यंत मासे?”

“करीन मी साफ. आत्ता निदान रिमोटला नावं ठेवता येतात.”