कापूस ठासलेला डबा

धम्मरत्न : सात, आठ, नऊ. पाइपाचे नऊ तुकडे. जोडाचे सहा एल्बो, चार टी. गोडेतेलाचा एक रिकामा डबा. कपडे वाळवायचे दोन चिमटे. अन् एक बीएस्सी पास पुतणी. बस? येवढ्यात निशाण्याचा स्टँड होते?

पायल : होते, मोठेबाबा. तुकडे दहा हाय. दहाव्यावर तुम्ही उभे हाय.

धम्मरत्न : मोडला का? मोडला असन तं बरंच झालं. तीस वर्षं लोखंडाचे गेट बनवले म्या. ढाणकीत कोण्याबी गल्लीत जाय, माया हातचं गेट दिसन. अन् माया घरची पोरगी हे पाण्याच्या नळाचे तुकडे घेऊन आली! अँगल वेल्ड करून देतो म्हटलं तं नाक मुरडलं.

पायल : वेल्ड केलेला स्टँड रोज कोण उचलन? पाच वाजता पोरं इथं हॉलात अभ्यासाले येतात. त्याच्याआधी मले हे सुटं करून स्कूटीवर न्यायचं हाय. म्हणून चिकटवायचं सोल्युशन नाई लावलं. नुसते दाबून बसवले.

धम्मरत्न : दाबून बसवले! फुक मारली तं पडन हे.

पायल : मारा फुक.

धम्मरत्न : मी काय सर्कशीतला हाय?

पायल : खालच्या पाइपात रेती भरली हाय. उचलून पाहा.

धम्मरत्न : हं. म्हणजे गवंड्याचं डोकं लावलं. अन् डब्यात काय कोंबून राह्यली? चिंध्या?

पायल : जुन्या चादरी. घडीवर घडी. छर्रा एकेका थरात अडकत जाते.

धम्मरत्न : काढ त्या. कमिटीचे लोकं म्हणतीन, धम्मरत्नच्या पुतणीनं अभ्यासिकेत भंगारचं दुकान लावलं. घरात कापूस पडला हाय, तो भर. सरकीसकट.

पायल : एकाच जागी मार बसला तं कापसात भोक पडते. ते मंग बुजत नाई.

धम्मरत्न : आता मले कापूस शिकवते! अवं, बैलबंडीत भरतो तसा पायानं तुडवतो मी. दगड होते त्याचा, दगड. त्या तुया टिकल्या त्याच्यातून जातीन?

पायल : बरं, तुडवा. पण चाचणी झाल्याबिगर मी भरवसा ठेवत नाई.

धम्मरत्न : घे चाचणी. पण ध्यानात ठेव, कमिटीत शब्द म्या देला. रविवारपर्यंत हॉल तुले. भिंतीवर एक ओरखडा दिसला, तं किल्ली वापस. मंग यवतमाळच्या नेमबाजीच्या निवडीची तयारी वावरात कर.

पायल : वावरात वारा असते. दहा मीटरची बंद जागा गावात दुसरी नाई. माहीत हाय मले.

धम्मरत्न : माहीत हाय तं जीभ आवर. बंदूक तरी काय तुयी, हवेची! चिमणी नाई मरत तिनं.

पायल : चिमण्या मारायची स्पर्धा नाई ते. माया मागं येऊन बसा. अन् हालू नका.

(धम्मरत्न कापूस तुडवून डबा भरतो. पायल एकाच कागदावर चाळीस छर्रे मारते.)

धम्मरत्न : संपले फटाके? आण कागद. हे काय वं? एकच भोक?

पायल : हाव.

धम्मरत्न : चाळीस मारले अन् एक लागला! अन् हे निघाली यवतमाळले! माया सासऱ्याले दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्ता, तो बुढाबी येवढा हुकला नसता.

पायल : एकोणचाळिसाव्याले टण्ण झालं. आयकलं?

धम्मरत्न : मंग?

पायल : डब्याचा मागचा पत्रा. मले वाटलं, आणखी एक सोसन.

धम्मरत्न : सरक. सरक म्हणतो ना! अवं, भिंत! पोपडा निघाला ना वं भिंतीचा! आवाज आला तं थांबली काहून नाई?

पायल : डबा किती सोसते तेच पाहून राह्यली होती.

धम्मरत्न : पाह्यलं? आता किल्ली दे.

पायल : देते. आधी डबा सतरंजीवर उलटा करा.

धम्मरत्न : कायले?

पायल : माये हुकलेले छर्रे मोजाले.

धम्मरत्न : मोजतो ना. सरकी कोणती, छर्रा कोणता... दहा... चोवीस... अडतीस. एकोणचाळीस. अन् हा एक भिंतीखाली, पार चपटा.

पायल : किती झाले?

धम्मरत्न : सारेच त्या एका भोकातून गेले?

पायल : म्हणून तं तुमच्या दगडात बोगदा पडला. मी हुकली असती, तं भिंत वाचली असती.

धम्मरत्न : लय शहाणी नको होऊ. किल्ली राहू दे तुयापाशी. पोपडा मी आजच भरतो. अन् कमिटीले सांगतो, कापूस म्या भरला होता म्हणून.

पायल : अन् डब्यात?

धम्मरत्न : भर तुया चिंध्या. पण घड्या नीट कर, भंगारवाल्यावाणी नको. तो कागद दे इकडं. पट्टी कुठं हाय?

पायल : हे घ्या. भोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धरा.

धम्मरत्न : बारा... थांब, उजेडात येऊ दे. तेरा. तेरा मिलिमीटर.