गुपचूप पसरायचा खेळ

नवापूरहून तळोद्याला निघालेल्या एसटीत सुपडूने कोंबड्यांची टोपली पायांत घेतली, वर पोतं टाकलं आणि पुढच्या बाकावरच्या आजी-नातीचं बोलणं ऐकत बसला.

“फाल्गुनी, मोबाईलवर सगळं लाल लाल काय केलंस?”

“रोग पसरवायचा खेळ आहे, दादी. जगभर पसरला की आपण जिंकलो.”

“कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.”

“डोकं लागतं त्याला. आधी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. लागला की सगळे देश बंदरं बंद करतात, विमानं बंद करतात.”

“मग पसरतो कसा?”

“कळायच्या आधीच कुणीतरी प्रवासाला निघतो ना. तेवढा एक पुरतो.”

आजीने, तीजाबाईंनी, मागे पाहिलं.

“भाऊ, पोतं हलतंय तुमचं.”

“कोंबड्या शेतस, माय. मन्ही आंडेर बाळंतीण शे तळोद्याले. तिले रस्सा लागस.”

“जरा मागे घ्या बाबा, आमच्या पिशवीत देवाचं सामान आहे. लेकीला काय झालं, नातू की नात?”

“नात. आठ दिनची शे.”

“जपा हं तिला.”

सुपडूने पोतं सारखं केलं. थोड्या वेळाने पुन्हा सारखं केलं.

“ताई, मन्हाजवळ गुरांच्या डॉक्टरचा नंबर शे. लावी देशी का?”

“लावते, काका. काय सांगू?”

“सांग, सुपडूच्या शेडमा परवापासून साठ कोंबड्या मरी गयात. खड्डा करीसन पुरी दिन्यात, कोणले सांगं नही. आनि तीन कोंबड्या आठे, ह्याच बसमा शेतस.”