गच्चीतलं पिंप

रक्त तपासायला आलेल्यांच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, आधी माझ्या छोटीला मलेरिया, आता तुम्हाला हुडहुडी. गच्चीतल्या पिंपावर झाकण का नाही ठेवलंत?"

"अगं, पाणी अगदी नितळ आहे. तळ दिसतो."

"हे डास नितळ पाण्यातच अंडी घालतात. दर आठवड्याला पिंप घासून वाळवायचं असतं."

"तुझ्या आईने भरलेलं शेवटचं पाणी आहे ते."

"वर्ष झालं, बाबा. एवढ्या उन्हाळ्यात आटलं कसं नाही?"

"कमी झालं की तांब्याभर घालतो."

"मग त्यात आता आईचं काय उरलं?"

म्हाताऱ्यांनी हातातली तपासणीची चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली.

"घरी गेल्यावर मी ओतून देते."

"ओत. पण मी फिरायला गेल्यावर. आवाज नको कानावर."