जानेवारीच्या काचा

सुनीतावहिनी, सई, आणि नोव्हाय गावातल्या या हॉलमध्ये जमलेल्या मंडळींनो,

बोलवत नाहीये मला. गेल्या शनिवारी मोहन हार्ट अटॅकनं गेला. मघापासून सगळे सांगताहेत, किती शांत, किती हसतमुख. खरंय. पण मी त्याचा मित्र होतो तसा मॅनेजरही होतो. मला दुसरंच सांगायचंय.

मोहन सोलर सेल बनवायचा. काचेवर द्रावणाचा पातळ थर द्यायचा, तापवायचा, की त्यातून इनऑरगॅनिक पेरोव्हस्काइटचे, म्हणजे उन्हापासून वीज देणाऱ्या पदार्थाचे, स्फटिक जमायचे. नीट जमले की काच काळीभोर. ओलावा लागला की पिवळी. पिवळी म्हणजे कामातून गेली.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत काळ्याभोर काचा निघाल्या. एकामागून एक! मायक्रोस्कोपखाली भेग सापडेना. मी नाचायचाच काय तो बाकी होतो. मोहन म्हणाला, "यार, ही आपली रेसिपी नाही, हा मिशिगनचा हिवाळा आहे. हीटिंगनं हवा इतकी कोरडी झालीय, दाराच्या मुठीला हात लावला तरी शॉक बसतो. कोरड्या हवेची बंद पेटी घे, नाहीतर जुलैच्या दमट हवेत तोंडघशी पडू."

पेटीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणालो. त्यानं स्लाइडवर एक ओळ लिहिली होती: 'हे निकाल फक्त कोरड्या हवेतले.' ती ओळ मी डिलीट केली. मीच. मीटिंगच्या आधी, चहा पिता पिता.

जुलैत आमच्या काचा बघायला कंपनीचे पाहुणे आले. त्यांच्यादेखत बनवलेल्या काचा पिवळ्या पडल्या. वरच्यांनी विचारलं, कोणाचं चुकलं? कुणीतरी म्हणालं, "हात मोहनचा होता." मी काय बोललो? काहीच नाही. मान खाली घातली. मोहनची नोकरी गेली. माझी राहिली.

आणि हा माणूस दिवाळीला मला फराळाला बोलावत राहिला! लाज नाही वाटली मला? वाटली ना. तरी चकल्या खाल्ल्या.

आज दारात सईनं विचारलं, "काका, वॉज इट रिअली बाबाज मिस्टेक?"

नाही, सई. तुझा बाबा बरोबर होता. चूक माझी होती. हे मी तो असताना बोलायला हवं होतं. आता त्याला काय उपयोग? सोमवारी ऑफिसात हेच लेखी देणार आहे.

आता दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायचंय. तुम्ही पाळा. मी तीन वर्षं पाळलंय. मला त्याच्या फोटोसमोर एवढंच मोठ्यानं म्हणू द्या: मोहन, ती ओळ तू लिहिली होतीस.