गच्चीवरचं ताट

नाशिक रोडच्या दवाखान्यात पुस्तकात डोकं घालून बसलेल्या सदाशिवरावांच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“डाळ बंद, मटण बंद, वर गुळवेलीचा काढा. तरी पायाचा अंगठा टम्म! युरिक ॲसिड वाढतंय कसं?”

“वय झालं, कुसा.”

“बाहेर काय खाता का? खरं सांगा.”

“नाय गं. घरातलंच.”

“घरात काय शिजतंय? सोमनाथ गेल्यापासून महिन्याला त्याच्या तिथीची कलेजी, ती बी कावळ्यासाठी. लेकराला लय आवडायची.”

“हां.”

“गच्चीवर तुम्हीच नेता. ताट रिकामं खाली येतं... अहो, इकडं बघा.”

“आपला नंबर आला वाटतं.”

“कावळा एकदा तरी शिवला का हो?”

“शिवंल, कुसा. पुढच्या महिन्यात शिवंल.”